टायरच्या वहाणा

योगितानं बूट घेतले ते मुद्दाम एक नंबर लहान. आष्टीच्या भरती अकॅडमीतल्या पोरी म्हणाल्या होत्या, बूट पायाला आवळून बसला की पाय उडतो. उडाला कसला! तीन महिने डांबरी रस्त्यावर पळून डाव्या अंगठ्याचा सांधा असा आखडला की अंगठा वरच वळेना. पोलीस भरतीचं मैदान दोन महिन्यांवर आलेलं, आठशे मीटर पावणेतीन मिनिटांत काढायचे, आणि ही बया घरात ताकास तूर लागू देईना.

पण बाप म्हाळू म्हणजे मेंढरांमागं जन्म काढलेला गडी. कुठलं मेंढरू कुठल्या पायानं लंगडतंय, हे तो मातीतले खूर बघून सांगायचा. एका सकाळी फुफाट्यात लेकीची अनवाणी पावलं दिसली तसा तो खालीच बसला.

"योगे, हिकडं ये. डावा अंगठा कावून टेकवत न्हाईस?"

"टेकवते की."

"मला शिकवती व्हय? चार बोटं उमटल्यात, अंगठ्याची जागा कोरी हाय."

तिला रडूच फुटलं. "भरती गेली माजी, आबा!"

"लंगडं मेंढरू टाकून देतो का आपण? चल बीडला."

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, अंगठा धरून वर वळवून पाहिला, मग तिचा बूट हातात घेऊन असं काही बघितलं की योगितानं मानच खाली घातली. नशीब, हाड झिजलं नव्हतं.

"पळताना प्रत्येक पावलाला अंगठा वळतो. याच्यात त्याला जागा कुठंय? सुजणार नाही तर काय?"

तीन आठवडे पळणं बंद, सायकल चालवायची. अंगठा रोज हातानं हळूहळू वर-खाली करायचा, पोटऱ्या ताणायच्या. मग पुढून रुंद बूट घालून मऊ मातीवर थोडं थोडं पळायचं. "आणि चालायला कडक तळाचं, न वाकणारं, बोटं मोकळी राहतील असं काहीतरी घाल."

म्हाळूनं आपला पाय पुढं केला. टायरच्या तळाची जाडजूड वहाण, टोकाला जरा वर उचललेली. "असलं?"

बाई हसल्या. "अगदी असलंच."

योगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच वहाणांची लाज वाटून तिनं बापाला अकॅडमीच्या फाटकाबाहेर थांबवलं होतं. आता तसलीच जोडी घालून ती मेंढरांमागं हिंडली. अकॅडमीतल्या पोरी फिदीफिदी हसल्या, तरी हिंडली. पाचव्या आठवड्यात अंगठा वळायला लागला तशी पोरीला अशी काही हुशारी आली की विचारू नका.

मैदानाच्या दिवशी बीडला तिनं वहाणा बापाच्या हातात दिल्या. "आलेच, आबा," म्हणाली, जसं काही पाणी आणायला चाललीय.

ती बाहेर आली तेव्हा नवे रुंद बूट हातात होते. अनवाणी, धुळीतून. म्हाळूनं तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही, खाली मातीत बघितलं.

"पाची उमटल्यात," तो म्हणाला. "आता सांग."

"दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद!"

म्हाळूचे डोळे भरून आले. योगितानं सगळ्या पोरींदेखत त्याच्या हातातल्या वहाणा पायात घातल्या आणि त्याचा हात धरला.

"चला आबा, आधी अकॅडमीत जाऊ. सरांना भेटायचंय. आज फाटकाबाहेर न्हाई थांबायचं."