भीमाताईच्या गळ्यातली शिट्टी

मित्रांनो, आधी जरा लांब उभे राहा. मी जुनी पितळी शिट्टी आहे आणि अनोळखी तोंडांवर माझा विश्वास नाही. राग मानू नका. जो उचलेल त्याच्या तोंडात मला जावं लागतं. ते तोंड कसलं असेल, हे आधी कुणी सांगत नाही. असं आयुष्य काढलं की कोणीही संशयी होतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका लहान कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि आत वाटाण्याएवढा बुचाचा गोळा टाकला. तो गोळा नाचला की मी वाजते. तिथून मी फौजेच्या कँटीनमध्ये गेले. पीटीचा कोर्स पास झालेल्या एका जवानानं मला विकत घेऊन गळ्यात अडकवलं. नाव भीमा, गाव इंदापूर तालुक्यातलं.

सगळी फौज तेव्हा भीमाला 'तो' म्हणत होती. मी मात्र 'ती'च म्हणणार, कारण ती आता तसंच सांगते आणि तिचं तिला ठाऊक. नाव तेवढं बदलावं लागलं नाही. भीमा हे नाव आमच्याकडं पोराचंही असतं आणि नदीचंही.

भीमा पुढं हवालदार झाली. नवे रंगरूट तिला घाबरत आणि रात्री तिच्याच नकला करत. बर्फाच्या मुलखात बदली झाली की ती मला बनियनच्या आत ठेवी, म्हणजे गार पितळ ओठाला चिकटायचं नाही. तिथून मला तिच्या छातीचे ठोके ऐकू येत. परेडच्या वेळी ते संथ असत. संध्याकाळी बराकीत सगळे सैल होऊन बसले की ते वाढत. मला कळेना. शत्रू तर पलीकडच्या डोंगरावर आहे, मग ही पत्ते खेळणाऱ्या सोबत्यांना का घाबरते?

पुढं उमगलं. परेडमध्ये सगळ्यांची चाल एक असते, त्यामुळं कुणी कुणाची चाल बघत नाही. बराकीत मात्र कोण कसा बसतो, कसा हसतो, हात कसे हलवतो, सगळं दिसतं. भीमा प्रत्येकाच्या नजरेवर पहारा ठेवायची. अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायची. कुणी सहज विचारलं की एवढा गप्प का, तरी त्या माणसाला ती कितीतरी दिवस टाळायची. संशय घ्यायला मी तिच्याकडूनच शिकले.

पण ती तिथं नुसती दुःखी होती असं समजू नका. तिला ते काम मनापासून आवडायचं. धापा टाकणारी पोरं तिच्या हाताखाली डोंगर चढू लागली की तिचा चेहरा उजळायचा. एकदा तिची तुकडी धावण्यात पहिली आली. मोठ्या साहेबांनी मला बोटांत धरून पाहिलं आणि ही शिट्टी अख्ख्या खोऱ्यात ऐकू येते म्हणाले. त्या दिवशी मी जरा फुगले होते, हे कबूल करते.

मग पेन्शन झाली. भीमा पुण्यात राहिली आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला तिनं सुया-बटणांच्या डब्यात टाकलं. किती वर्षं गेली कोण जाणे. माझ्यावर हिरवा कळंक चढला, आतला गोळा एका कोपऱ्याला चिकटून बसला. आपल्याला विसरले म्हणून मी अंधारात कुढत राहिले.

एक दिवस डब्याचं झाकण उघडलं आणि बांगड्या भरलेला हात आत आला. मी म्हटलं, चोर. त्या हातानं मला चिंचेनं घासलं, धुतलं आणि ओठांना लावलं. श्वास ओळखीचा होता, बेंबीपासून येणारा. तरी मी पहिल्या फुंकरीला वाजले नाही. दुसऱ्यालाही नाही. पुरती खातरी करून घेतली, मगच वाजले.

भीमानं इंदापुरात एक खोली भाड्यानं घेतली. भावानं गावात यायला मनाई केली होती. गावाबाहेरच्या मोकळ्या ग्राउंडवर ती पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना शिकवू लागली. पहिल्याच दिवशी तिनं पालकांना सगळं स्वच्छ सांगितलं. मी फौजेत हवालदार होते, तेव्हा मला पुरुष म्हणत, आता मी बाई आहे, पोरी पाठवायच्या की नाही हे तुम्ही ठरवा. दुसऱ्या दिवशी ग्राउंड निम्मं रिकामं झालं.

श्रेया नावाची पोरगी टिकली, पण एका अटीवर. तिची आई कौसल्या रोज ग्राउंडवर बसणार. या कौसल्याबाईंचा लोणी देवकरच्या बाजूला भाजीपाला होता, नवरा तिथंच कारखान्यात कामाला. संध्याकाळी त्या बांधावर बसून गवार मोडायच्या. हात गवारीवर आणि डोळे भीमावर. मला त्या बाई आवडल्या. माझ्यासारख्याच होत्या.

तशातच एक म्हातारे गृहस्थ येऊ लागले. पांढऱ्या भरघोस मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. बारामतीहून एसटीनं यायचे आणि ग्राउंडच्या कडेला लिंबाखाली बसून शेवटपर्यंत बघायचे. चालण्यावरूनच भीमानं ओळखलं, की हा फौजी आहे. चहाच्या टपरीवर कळलं, की ते सुभेदार सावळाराम, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेले.

एकदा कौसल्याबाईंनी भीमाला बाजूला घेतलं. त्या हळूच म्हणाल्या, "त्ये म्हातारं तुमचंच इचारतंय. घरचं कुणी येतं का, घरमालक नीट वागतो का, बाजारात माणसं काय बोलत्यात, पेन्शन चालू हाय का. मी कायबी सांगितलं न्हाय."

बनियनच्या आतले ते जुने ठोके मला पुन्हा ऐकू आले. बारामतीला माजी सैनिक जमतात आणि तिथं आपल्यावरून बोलणं होतं, हे भीमाच्या कानावर आलं होतं. असल्या माणसानं स्वतःला फौजी म्हणवू नये, असं कुणीतरी म्हटलं होतं म्हणे. म्हणजे याला चौकशीला धाडलंय. आधी घरमालकाला बिथरवतील, मग पालकांना, मग पेन्शन अडवतील. माझंही मत तेच पडलं. म्हाताऱ्याच्या मिशांवर माझा तर काडीचा विश्वास नव्हता.

भीमाचं लक्ष उडालं. पोरी ओळीत उभ्या राहायच्या आत ती मला फुंकायची, मग सगळ्यांना माघारी बोलवायची. श्रेयाची मैदानी चाचणी तोंडावर आली होती. तुमचा क्लास बंद होणार का, असं तिनं एकदा विचारलं. भीमानं तिला आणखी एक फेरी मारायला धाडलं. त्या आठवड्यात ती खोलीवर पिशव्या भरायला लागली होती.

शेवटी एका संध्याकाळी पोरी नळावर गेल्या असताना भीमा सरळ लिंबाखाली गेली.

"साहेब, तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"कुणीबी न्हाय."

"मग माझी चौकशी कशाला करताय?"

सुभेदारांनी शेजारची जागा हातानं झाडली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पलटणीत बडाखान्याला नाटकं व्हायची?"

बडाखाना म्हणजे फौजेतलं मोठं जेवण. अधिकारी, जवान सगळे एकत्र जेवतात आणि जवान गाणी-नाटकं करतात. व्हायची, असं भीमा म्हणाली.

"त्यात बाईचं काम कधी केलंस?"

मला वाटलं, आलाच हा मुद्द्यावर. असले टोमणे भीमानं खूप ऐकले होते. तिची मूठ माझ्याभोवती आवळली. पण ती खरं तेच बोलली.

"मला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. फार चांगलं जमेल, अशी भीती वाटली."

सुभेदारांनी मान हलवली. "मी करायचो. दर साली. समदी हसायची, मीबी हसायचो. पर लुगडं फेडायला लई येळ लावायचो."

मित्रांनो, मी तिच्या मुठीत होते आणि ती मूठ सैल झाली.

मग ते थांबत थांबत बोलले. त्यांना आयुष्यभर या गोष्टीसाठी शब्दच सापडला नव्हता. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. सगळ्या फौजेत आपण एकटेच असे, असं ते धरून चालले होते. बारामतीत सोबती भीमावरून हसले तेव्हा तेही त्यांच्याबरोबर हसले, आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या एसटीत बसले. भीमानं जे केलं, ते करणाऱ्याचं पुढं काय होतं, ते त्यांना बघायचं होतं. लोक दगड मारतात का, खोलीतून काढतात का.

"तू जेवतीस का, झोपतीस का, येवढंच बघाया येत हुतो," ते म्हणाले.

भीमा त्यांच्या शेजारी खाली बसली. आता तुम्ही काय करणार, असं तिनं विचारलं. काही करायचं नाही, वय झालं, पण एका माणसाला तरी ठाऊक असावं, असं ते म्हणाले.

"मग तुम्हाला मी काय म्हणू?"

त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. "साहेबच म्हण. ते मी कमवलंय."

भीमा उठली, सावधान उभी राहिली आणि म्हणाली, "राम राम, साहेब."

तुम्हाला वाटेल, इथं माझा संशय फिटला. नाही फिटला. मनातलं सांगून बसलेला माणूस कधी उलटेल याचा नेम नसतो. आणि पुढं मला वाटलंही, झालंच तसं. एका संध्याकाळी लिंबाखाली सुभेदारांऐवजी त्यांच्या बायको द्वारकाबाई उभ्या होत्या, एकट्याच. त्यांनी भीमाला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि विचारलं, आमचे हे इथं कशाला येतात?

परेड बघायला, असं भीमा म्हणाली. आवाज तिचा होता, पण खोटं मला लगेच ओळखू आलं. द्वारकाबाईंनाही आलं.

"मला सांगू नगा," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं त्या माणसाच्या मनात कायतरी हाय, ह्ये मला ठावं हाय. मी कधी इचारलं न्हाय, आता बी इचारत न्हाय. पर हितनं आल्यावर त्ये पोटभर जेवत्यात. त्यांला येऊ देत जा."

एवढं बोलून त्या एसटी गाठायला निघाल्या. भीमानं त्यांना फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत दोघी उसाच्या पाण्याबद्दल बोलल्या, दुसरं काही नाही. त्या रात्री भरलेल्या पिशव्या रिकाम्या झाल्या.

सुभेदार अजून येतात. श्रेया मैदानी चाचणी पास झाली, लेखीचा निकाल यायचा आहे. कौसल्याबाई अजून बांधावर बसतात, पण आता त्यांचं तोंड रस्त्याकडं आणि पाठ ग्राउंडकडं असते.

तुम्हाला इतकं सांगितलं खरं, पण सुभेदारांचं खरं नाव सावळाराम नाही. ते मी सांगणार नाही. तुम्ही चांगले दिसता, तरी माझी खातरी झालेली नाही.

मागणं एवढंच आहे, मित्रांनो. जुनी शिट्टी सापडली तर तोंडाला लावायच्या आधी ती पुसा. आणि एखाद्या माणसाबद्दल मनात काही धरायच्या आधी, त्या माणसालाच पुसा. त्याला सांगावंसं वाटलं नाही, तर आग्रह करू नका. पण जेवलास का, एवढं तरी पुसाच.