काष्टीचा बाजारोबा

मित्रांनो, मी देव नाही. मी काष्टीच्या बैलबाजारातला, काळ्या दगडाचा एक जुना स्मृतिफलक आहे. तरीही वीस वर्षे मी नारळ, अगरबत्ती आणि नवस झेलले. ती फजिती कशी झाली, ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात चांगुणाबाईंनी आपल्या विहिरीवर स्वतः मोट हाकून बाजारातल्या जनावरांचा हौद भरता ठेवला. त्या गेल्यावर गावाने त्यांच्या नावाने मला हौदाशेजारी उभे केले. बजरंग पाथरवट छिन्नी चालवताना म्हणाला होता, "अक्षर खोल गेलं पायजे. दिसलं न्हाई तरी बोटाला लागलं पायजे." ते नाव अंगावर मिरवताना मला केवढा अभिमान वाटे!

पुढे लोक वाचायचे विसरले. एका बाजारी बिभीषण नावाच्या व्यापाऱ्याने बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ माझ्या कोपऱ्याला पुसला आणि तासाभरात त्याची जोडी विकली गेली. झाले! पुढच्या बाजाराला तो शेंदूर घेऊनच आला. त्याचे पाहून बाकीचेही आले. थरावर थर चढून मी गोल गरगरीत झालो, चांगुणाबाई आत बुजल्या आणि माझे नाव पडले 'बाजारोबा'. मान भरपूर मिळे, पण तो माझा नव्हता. मला लाज वाटायची.

यंदा हौद नवा बांधायचे ठरले. ते ऐकून चांगुणाबाईंची मुलगी सविताताई बेलापूरच्या सासरहून आल्या.

"नव्या हौदाला आईचं नाव द्या. तिचा काळा दगड हुता इथं," त्या सरपंच आबासाहेबांना म्हणाल्या.

"दगड दावा ताई, लगेच नाव देतो. पण इथं बाजारोबाबिगर दुसरा दगडच न्हाई."

ताईंनी सगळा बाजार पालथा घातला. शेवटी थकून त्या माझ्यासमोर बसल्या आणि हात जोडले. "देवा, माज्या आईचा दगड घावू दे."

मित्रांनो, मला तोंड नाही याचे एवढे वाईट कधीच वाटले नव्हते.

त्यांनी नारळ माझ्या कडेवर आपटला. त्या दणक्याने शेंदराचा जाड थर तडकला आणि धपकन खाली आला.

"देवानं कवच टाकलं!" बिभीषण ओरडला. आमच्याकडे सुटलेले कवच वाजतगाजत नदीला नेतात, म्हणून हलगी लगेच कडाडली. त्या गलक्यात ताईंनी माझ्यावर हात फिरवला. खाचा शेंदराने माखलेल्या होत्या, डोळ्यांना काही दिसत नव्हते. पण बोटाला लागले. चां... गु... णा...

"आबासाहेब, ह्यो देव न्हाई! ही माजी आई हाय!"

हलगी थांबली. आबासाहेबांनी बोट फिरवले आणि डोक्यावरची टोपी काढली. "व्हय की! चांगुणाबाईच!"

बिभीषण आधी ओशाळला. मग त्यानेच हलगीवाल्याला हाक दिली, "थांबलास का? आता खरी वाजव!"

काय वाजली हलगी! सारा बैलबाजार माझ्याभोवती जमला आणि ताई रडता रडता हसत होत्या.

आज नव्या हौदावर चांगुणाबाईंचे नाव आहे. मी शेजारी ताठ उभा आहे आणि दर बाजारी बिभीषण मला धुऊन काढतो. मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा दगड असेल. त्याला हार घाला, हात जोडा, माझी हरकत नाही. पण आधी त्याच्यावरचे नाव वाचा.