सातव्या मजल्यावरची पाचर

साबण होता. कपडे धुवायचा, निळसर, झिजून झिजून एका बाजूला नखाएवढा पातळ आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढा जाड... मुद्दाम तासून काढली असती तरी इतकी नेटकी पाचर झाली नसती. सातव्या मजल्यावरच्या फायर डोअरखाली तो घट्ट बसला होता, आणि त्याच्या पाठीवर कुणाच्या तरी बोटांचे चार खळगे तसेच होते. योम मान-सूनं गुडघे टेकले, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घालून तो उचकटला, आणि दार — इतका वेळ अवघडून उभं असलेलं ते जड लोखंडी दार — सावकाश सरकत गेलं, शेवटच्या दोन बोटांवर जरासं थबकलं आणि खटकन बसलं. या एका आवाजासाठी तो एकोणीस वर्षं दारांची ही नोकरी करत होता. इमारतीतल्या बाकी सगळ्या आवाजांचा त्याला वीट आला होता.

आज तर कहरच होता. थंडीआधीची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस, घराघरांतून मिठात मुरलेल्या कोबीचे टब या दारातून त्या दारात चाललेले, लसणाचा वास लिफ्टपर्यंत, आणि पॅसेज अन् जिना-लिफ्ट यांच्यामधलं एक दार बंद असेल तर शपथ! पंधराव्यापासून उतरत तो इथवर आला होता. खिशात दारांखालून काढलेल्या, घड्या घातलेल्या चिकनवाल्याच्या जाहिराती, एक सपात, आणि नवव्यावर तर चक्क अख्खा कोबी लावलेला. तो कोबी त्यानं पायानं लोटला तेव्हा तिथली बाई लाल हात तसेच वर धरून बाहेर आली होती.

"अहो काका, पाचच मिनिटं! दार काय पळून जातंय का?"

"दार नाही पळत, मावशी. धूर पळतो."

ती हसली. आतल्या बायकांना तिनं ते सांगितलं असणार, कारण आतूनही हसणं आलं. हसा. हसायला काय जातंय? धूर म्हणजे चुलीवरचा, डोळे चोळले की संपला, असं वाटतं यांना. जिन्यात शिरला की तो माणसापेक्षा जास्त वेगानं चढतो, आणि माणूस नेमका त्याच जिन्यानं खाली येत असतो — हे किती वेळा ओरडून सांगायचं, नोटिसा किती चिकटवायच्या? चिकटवलेल्या नोटिशीचीच परवा कुणीतरी घडी घालून पाचर केली होती. आणि ऑफिसातले ते बान साहेब! धूर लागला की आपोआप सुटणारे चुंबक मिळतात, दार दिवसभर उघडं धरतात, आग लागली की सोडतात. तीनदा लेखी मागितले. "पुढच्या वर्षी बघू, योम. सध्या तू 'सर्व दारे बंद होतात' एवढं लिही आणि संध्याकाळपर्यंत सही करून दे." वर कॉफीचा कपही पुढे केला. तो कप त्या टेबलावर उलटा करायला हवा होता.

दोन बोटं... दार आत्ता दोन बोटांवर थबकलं होतं. थबकून बसलं, ठीक आहे. पण ते दुसरं, मी आधी सांभाळायचो त्या नदीपलीकडच्या इमारतीतलं, पाचव्या मजल्यावरचं दार दोन बोटांवर थांबलं ते थांबलंच. आपोआप नाही थांबलं. मी थांबवलं. मेंग आजोबांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेलेला, डाव्या हातात काठी, दार काही केल्या ढकलवेना. "थोडं सैल कर रे बाळा, मी कुणाला सांगणार नाही." मी शिडीवर चढून माथ्यावरच्या, दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचा स्क्रू दीड फेरा फिरवला. दार हलकं झालं, पण पुरतं मिटेनासं झालं, आणि ते मला दिसलं होतं — दिसलं होतं, हेच तर! म्हाताऱ्यानं माझा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि त्या दिवशी मी शीळ घालत घरी गेलो.

चार महिन्यांनी भर दुपारी पाचव्यावरच्या एका स्वयंपाकघरात तेल पेटलं आणि त्या दोन बोटांतून धूर जिन्यात गेला. सहाव्या मजल्यावरची बाई जिन्यानं उतरत होती... चौकशीत लिहिलं गेलं की रहिवाशांनी पाचर लावून दार उघडं ठेवलं होतं. स्क्रूकडे कुणी पाहिलंच नाही. पाचरी सगळ्या मजल्यांवर सापडल्या, मग पाचव्यावरही असणारच! शेजाऱ्यांनी मेंग आजोबांकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "असेल, मीच लावली असेल." मी तिथेच होतो, हातात अवजारांची पेटी घेऊन, त्याच्यापासून चार हातांवर. तेव्हापासून पाचर दिसली की माझ्या मस्तकात तिडीक उठते.

पलीकडून दारावर काहीतरी ठक ठक आपटलं. त्यानं दार ओढून उघडलं, पाठीनं अडवून धरलं. समोर बाबागाडी, गाडीत झाकलेला टब, आणि गाडीच्या दांड्यामागे कमरेतून वाकलेली हाम आजी. ब्याऐंशी वर्षांची. त्या गाडीतला नातू केव्हाच कॉलेजात गेला होता. गाडी आजीच्या आधाराला राहिली होती.

"काढलास ना माझा साबण?"

"आजी, दाराखाली काही ठेवायचं नाही. किती वेळा सांगू?"

"आणि मी किती वेळा सांगू? माझे दोन्ही हात गाडीला. तिसरा काय तुझ्या बापानं दिलाय? दार ढकलायला गेले तर गाडी पळते, गाडी धरली तर दार पाठीत बसतं. हे बघ." बाही वर सरकवून तिनं कोपर दाखवलं. काळंनिळं होतं.

"नियम आहे, आजी."

"मग नियमाला म्हणावं, ये आणि दार धर. आता कसा साबणाच्या जागी तू उभा राहिलायस बघ!" ती खुदकन हसली, आणि मग टबाचं झाकण उचलून आत हात घातला. हातात प्लॅस्टिकचा मोजा, मनगटापर्यंत तिखटानं लाल. कोबीच्या पानात तिनं डुकराच्या उकडलेल्या मांसाचा तुकडा गुंडाळला. "आ कर."

"नको. हात घाण आहेत माझे."

"म्हणून तर मी भरवतेय. आ कर म्हणते ना!"

घास मोठा होता. त्यानं तोंड उघडलं तसा तिनं तो अंगठ्यानं आत कोंबला, आणि भरल्या तोंडानं माणसाला धड रागावता येत नाही याचा त्याला आणखीच राग आला. नाकातोंडातून झिणझिण्या आल्या. आजी त्याच्या चघळण्याकडे समाधानानं बघत होती, आणि बघता बघता तिची नजर वर, क्लोजरकडे गेली.

"तो स्क्रू जरासा सैल कर ना रे," ती हळूच म्हणाली. "त्यानं हलकं होतं, मला ठाऊक आहे. जरासाच. मी कुणाला सांगायची नाही."

सांगायची नाही... त्यानं घास तसाच, अर्धा चावलेला, गिळला.

"सांगा!" त्याचा आवाज जिन्यात वरपर्यंत गेला. "सांगा ना, आजी! खाली जाऊन बान साहेबांच्या तोंडावर सांगा, मान-सूनं दार सैल केलं म्हणून! मान-सूनं केलं, दुसऱ्या कुणी नाही! का गप्प बसता तुम्ही लोक? उपकार करता होय माझ्यावर? कुणी मागितले होते उपकार?"

वर कुठेतरी टब सरकवण्याचा आवाज थांबला. त्याला वाटलं, आता ही घाबरेल, नाहीतर शिव्या घालेल. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हाम आजीनं पायानं बाबागाडीचा ब्रेक लावला, मोजा काढून टबाच्या कडेवर ठेवला, आणि वाकलेल्या कमरेतून मान जितकी वर करता येईल तितकी वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"कोण गेलं रे?"

दार त्याच्या पाठीला एकसारखं रेटत होतं. ताकद बरोबर होती, त्यानंच लावली होती. त्यानं घाईघाईनं राग शोधला — नवव्यावरच्या बाईवर, बान साहेबांवर, खिशातल्या साबणावर — पण तो कुणावरच बसेना. हसणाऱ्या त्या बायका किमचीच तर घालत होत्या. सहाव्या मजल्यावरची ती बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तीन वाजता ओल्या बुटांनी परत यायची. एकदा, फक्त एकदा, तो शिडी आत घेत असताना तिनं थांबून पायानं दार धरलं होतं, आणि "सावकाश हं, काका," म्हणाली होती.

इम सॉन-जू. तीन वर्षांत तिचं नाव त्यानं मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. आता ते तिखटाबरोबर जिभेवर येऊन थांबलं होतं, आणि हाम आजी दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर ठेवून वाट बघत उभी होती.