मेणाला नजर लागत नाही

त्या सकाळी टेबलावर चोवीस मेणबत्त्या होत्या. सोळा थोरल्या सुनेच्या, आठ धाकटीच्या. मेण एकाच पातेल्यातलं, साचे एकाच मापाचे. तडा गेलेल्या सात, आणि सातही थोरलीच्या.

"हिची नजर लागते माझ्या कामाला," थोरली सासूबाईंना म्हणाली. "उद्यापासून एक तर ही इथे काम करेल, नाही तर मी."

धाकटी दाराशीच होती. तिचा चेहरा पडला.

खरं तर जळत होती ती थोरलीच. नऊ वर्षं ती या मागच्या खोलीत मेण ओतत आली होती, आणि दुकानदार मात्र दोन महिन्यांपूर्वी आलेल्या जावेच्या मेणबत्त्यांच्या रंगांचं कौतुक करत. रंगात नाही तर संख्येत तरी हिला मागे टाकू, म्हणून आठवडाभर ती आपले साचे बर्फाच्या पाण्यात बुडवत होती. साचे लवकर रिकामे होत.

सासूबाईंनी वाद घातला नाही. धाकटीला शेजारणीकडे पाठवलं आणि थोरलीकडूनच सोळा साचे ओतून घेतले. आठ तिच्या बर्फाच्या पाण्याच्या बादलीत, आठ टेबलावर. संध्याकाळी सगळे उघडले. पाण्यातल्या पाच तडकल्या होत्या, टेबलावरची एकही नाही.

"आता कुणाची नजर लागली गं?"

थोरली एक तडकलेली मेणबत्ती हातात फिरवून पाहू लागली. सासूबाईंनीच मग समजावलं.

"मेण घट्ट होताना आकसतं. पाण्यात बाहेरचं चटकन घट्ट होतं, आतलं पातळच राहतं. ते मागाहून आकसायला लागलं की बाहेरच्याला ओढतं. मग तडा जाणार नाही तर काय?"

"चूक माझी, आई. तिला काढू नका."

थोरली स्वतः शेजारी गेली. खाली मान घालून तिनं सगळं सांगितलं. धाकटीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, माझ्या नजरेत एवढा जोर असता, तर रोज पातेली कशाला घासली असती मी?"

मंडळी, कामात खोट निघाली की आपण आधी दुसऱ्याचे डोळे तपासतो. आधी आपले हात तपासावेत. पदार्थ आपल्या गुणधर्माप्रमाणे वागतो. त्याला आपला हेवा कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून वीस साचे ओतले आणि संध्याकाळपर्यंत टेबलावरून हलवले नाहीत. वीसपैकी एका मेणबत्तीला तडा गेला. नजरेचं नाव न काढता थोरलीनं आधी तिचा साचा तपासायला घेतला.