मधाच्या पेटीपाशी नेलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, खरबरीत आणि जराशी तोंडाळ. कळस गावच्या गेणबाच्या मेंढरांची लोकर कातून सणगरानं मला विणलं, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं. मग काय विचारता! गेणबाबरोबर मी मेंढरांमागं पार कोकणापर्यंत हिंडले. पाऊस, काटे, थंडी, सगळं अंगावर घेतलं. "ही हाय तवर मला कशाचं भ्याव न्हाय," असं तो म्हणायचा आणि मी फुगायची.

पुढं गेणबा गेला. चराईची रानं उसाखाली गेली, मेंढरं विकावी लागली. त्याचा मुलगा मानसिंग याला मात्र गाव सोडायचं नव्हतं. ब्याण्णव सालच्या सुमारास त्यानं सूर्यफुलाच्या कडेला मधमाश्यांची पेटी ठेवली. मधमाश्या पाळायला शिकवणाऱ्या साहेबांनी तोंडाला जाळी दिली होती. पण अंगावर काय घालायचं ते ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी हा गडी इंदापूरच्या बाजारात! पहिल्यांदा पेटी उघडायला निघाला, तेव्हा त्याच्या आईनं, गोजरबाईनं, मला त्याच्या खांद्यावर टाकलं.

"घे ल्येका. हिनं तुझ्या बापाला राखलं, तुला बी राखंल."

झाकण उघडलं मात्र, माशा माझ्यावरच तुटून पडल्या. लोकरीत पाय अडकले तशा आणखी चवताळल्या आणि जाळीच्याही आत शिरून त्याला डसल्या. "आये, मेलो!" मानसिंग ओरडत होता आणि मलाच घट्ट आवळून घेत होता. अरे, टाक मला, टाक! पण घोंगडीचं कोण ऐकतो?

तोंडाची सूज उतरली, धास्ती काही उतरली नाही. तो बारामतीला कारखान्यात कामाला लागला. पेटीतल्या माशाही उडून गेल्या.

नंतर साहेब आले. माझ्यात रुतलेल्या नांग्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"गोजरबाई, काळं, केसाळ काही दिसलं की माशांना अस्वल आल्यासारखं वाटतं. साधा पांढरा सदरा घालून गेला असता, तर एवढं झालं नसतं."

गोजरबाई म्हणाली, "म्याच दिली की वो ती!"

मानसिंग सणाला येतो. मला कुरवाळून म्हणतो, "आये, ही व्हती म्हणून वाचलो बघ." गोजरबाई चुलीकडं तोंड फिरवते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, हे मी मागणारच होते. पण त्याहून मोठं मागणं आहे. मायेनं दिलेलं चुकलं, तर ते पोटात ठेवू नका. कुणीतरी त्या माउलीला एवढं सांगा: बोल गं बाई. माशा त्या काळ्या लोकरीवर चवताळल्या होत्या, हे कळलं की पोराची धास्ती जाईल. पोरगं रागावणार नाही. आणि रागावलंच, तर घरी राहून रागावेल.