न हलणारा बुडबुडा

मित्रांनो, मी एक जुना आकाशकॅमेरा आहे. नाव भारदस्त असलं तरी माझं काम एकच होतं, पाठीवर पडून वर बघत राहायचं. तुमच्या वाढदिवसाचा फोटो मला जमणार नाही, केकऐवजी छत येईल. माझं भिंग बेडकाच्या डोळ्यासारखं फुगीर आहे, त्यामुळे या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश मला एका नजरेत दिसतं. हल्ली मी सिंगापूरला, क्लेमेंटीजवळच्या एका विद्यापीठातल्या कोरड्या कपाटात असतो. या कपाटात येण्याआधी माझ्यामुळे एक भली मुलगी चारचौघांत तोंडघशी पडता पडता वाचली. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझी उमेदीची वर्षं नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेली. तिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, लोक दुपारचं जेवणही अंधारात जेवतात. माझ्या डोक्यावर काचेचा घुमट होता आणि शेजारच्या टेकडीवर रडारची भलीमोठी थाळी. आम्ही दोघांनी मिळून ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायचा, असं ठरलेलं होतं. सूर्याकडून आलेले कण खूप उंचावरच्या हवेवर आदळले की ती हवा उजळते. बहुतेक वेळा हिरवी, कधी कडेला जांभळी. वाऱ्याने पडदा हलावा तसा तो उजेड हलतो. हे सगळं का होतं, कुठून सुरू होतं, कुठे संपतं, याचं मला वेडच लागलं.

मी त्याचा रंग आणि आकार टिपायचो. पण तो किती उंचावर आहे, हे मला कळायचं नाही. ते रडार सांगायचं. ते रेडिओलहरी वर सोडायचं आणि परत येणारा क्षीण प्रतिध्वनी ऐकायचं. मी बघणारा, ते ऐकणारं. एकट्याच्या सांगण्यावर तिथे कुणी विश्वास ठेवत नसे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. मी डोळ्यांनी बघतो आणि साक्ष मात्र आंधळ्या थाळीची हवी!

तिथे आणखी एक पद्धत होती. अंधाराचे महिने सुरू होण्याआधी तंत्रज्ञ बाई माझे स्क्रू सैल करायच्या, मला पाव वळसा फिरवायच्या, थोडे फोटो घ्यायच्या आणि पुन्हा होतो तसा बसवायच्या. मला ते उगाचच वाटायचं. माझ्या पोटात एक लहानसा हीटरही होता, घुमटावरचा बर्फ वितळवण्यासाठी. तो बाई कधीच बंद करत नसत.

पुढे माझ्याहून तल्लख कॅमेरे आले आणि २०१२ साली माझी रवानगी सिंगापूरला झाली. विषुववृत्ताजवळ कसला ध्रुवीय प्रकाश? मला वाटलं, आपल्याला अडगळीत काढलं. पण इथेही आकाश स्वतःच उजळतं, फक्त फार हळू आवाजात बोलावं तसं. दिवसभराच्या उन्हाने वरच्या हवेतल्या कणांची फाटाफूट होते, आणि संध्याकाळनंतर ते पुन्हा जुळताना मंद लाल उजेड देतात. त्या उजेडात कधी कधी विरळ कणांचे प्रचंड बुडबुडे वर चढतात. ते काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि पूर्वेकडे सरकत जातात. तुमच्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांचे संदेश त्यांच्यातून येताना अडखळतात, म्हणून त्यांचा अभ्यास करायचा. शहराच्या झगमगाटात तो उजेड शोधायला मला फक्त लाल उजेड आत सोडणारी एक काच लावली. माझी उत्सुकता पुन्हा जागी झाली.

मला खोक्यातून काढलं ते ऋचाने. ती पुण्याची, क्लेमेंटीत एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहणारी संशोधक. तिच्याबरोबर निशिकांत सर होते. ते मूळचे चिपळूणचे, आणि समुद्रापलीकडे सुमात्रात असलेल्या एका रडारच्या नोंदींवर काम करायचे.

"सर, याला हीटर आहे," ऋचा हसत म्हणाली. "इथे!"

"बंद कर तो. इथे आपणच भाजून निघतोय."

तिने बटण दाबलं. माझ्या पोटातली ऊब गेली. मलाही तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

गच्चीवर माझे दिवस मजेत चालले होते. पण सिंगापूरची हवा बारा महिने दमट. ती हळूच माझ्या आत शिरली आणि आतल्या भिंगावर एक नाजूक बुरशी धरली. आधी टिंब, मग जाळं. मला ते जाणवत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

२०१४च्या मार्चमध्ये ऋचा माझ्या फोटोंकडे बघून जागच्या जागी थबकली. पश्चिमेला, सुमात्राच्या दिशेला, एक काळा डाग होता. दुसऱ्या दिवशीही तिथेच. सगळे बुडबुडे सरकतात, हा मात्र हलत नव्हता. सुमात्राच्या डोंगरांनी तो धरून ठेवला असेल का? असा बुडबुडा तिने कुठेच वाचला नव्हता. तिचे डोळे असे चमकले की मला माझीच लाज वाटली. तिच्या नोकरीची मुदत संपत आली होती. शुक्रवारी शहरातल्याच बुओना व्हिस्टा भागात तिचं भाषण होतं, आणि मुदत वाढवायची की नाही हे ठरवणारी माणसं ते ऐकायला येणार होती. तिने त्या डागावरच बोलायचं ठरवलं.

आठवड्याच्या सुरुवातीला दोघं गच्चीवर माझ्याजवळ उभे होते.

"रडारला तिथे काही दिसत नाही, ऋचा."

"तुमचं रडार तिथे बघतच नाही, सर."

"तेही खरं. मी सुमात्रावाल्यांना सांगतो, एक किरण तिकडे वळवा म्हणून." मग त्यांनी खाली बघितलं. "तुझ्या कोल्हापुरी कुठे गेल्या?"

"टाकल्या. कपाटात ठेवल्या होत्या, पार बुरशी आली."

"कपाटात बल्ब लावून ठेवायचा. आमची आई पावसाळ्यात तेच करायची."

मित्रांनो, मी तिथेच होतो, त्यांच्या गुडघ्याशी! बुरशी, बल्ब, सगळं बोलून झालं आणि दोघं लिफ्टकडे निघून गेले. जन्मात पहिल्यांदा मला त्या नॉर्वेच्या बाईंची आठवण येऊन भरून आलं. त्या मला का फिरवायच्या, ते मला आत्ता कळलं होतं. कुणीतरी मला फिरवा, एवढंच मनात घोकत होतो. पण भीतीही होती. माझा दोष उघडा पडला की मला भंगारातच टाकतील.

बुधवारी सर पुन्हा वर आले. "किरण वळवला. तुझ्या डागाच्या जागी आकाश अगदी साधं आहे. काही नाही तिथे."

ऋचाने माझ्याकडे बघितलं. "माझा कॅमेरा खोटं दाखवतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. मला फक्त काय आहे ते बघायचंय."

"तुम्ही माझ्यासाठी अख्खं रडार वळवलंत," ती म्हणाली. "मला कॅमेरा फिरवायला काय हरकत आहे?"

तिने पाना आणला आणि मला पाव वळसा फिरवलं. डाग आकाशात असता, तर तो पश्चिमेलाच राहिला असता. त्या संध्याकाळी फोटो आला तेव्हा तो उत्तरेला, मलेशियातल्या जोहोरवर होता. माझ्याबरोबर फिरून आला होता.

ऋचाने मला उघडलं आणि टॉर्च मारला. ते जाळं बघून ती तिथेच गच्चीवर बसली. तिला रडू आलं, आणि मग हसूही आलं.

"सर, कपाटात बल्ब लाव म्हणालात ना? याच्या पोटात तो आधीपासून होता. मीच विझवला."

"विझवायला मीच सांगितलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "चिपळूणचा असून."

शुक्रवारच्या भाषणात तिने सगळ्यात आधी माझ्या बुरशीचा फोटो दाखवला आणि आपली चूक सांगितली. मग एक खराखुरा बुडबुडा दाखवला. मी तो पूर्वेकडे सरकताना पाहिला होता आणि रडारने तो ऐकला होता. पुढे तिची मुदत वाढली. चुकीमुळे की बुडबुड्यामुळे, हे मला विचारू नका.

तिने मला भंगारात टाकलं नाही. साफ केलं, हीटर लावला, आणि मी आणखी काही वर्षं काम केलं. बुरशीने भिंगावरचा लेप खाल्ला होता, तो व्रण मात्र राहिला. आता गच्चीवर नवा कॅमेरा आहे. कोजागरीला चांदण्यापुढे तो मंद उजेड दिसत नाही आणि निरीक्षण बंद असतं, म्हणून ऋचा त्याच दिवशी थर्मासमध्ये मसाला दूध घेऊन वर जाते आणि नव्या कॅमेऱ्याला पाव वळसा फिरवते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरातली जुनी दुर्बीण, कॅमेरा, चष्मा, जे काही असेल ते कोरडं आणि उबदार ठेवा. आणि जगात काही नवल दिसलं, तर ओरडण्याआधी आपली काच एकदा फिरवून बघा. नवल खरं असेल तर ते कुठे पळून जात नाही.

कोजागरीला वर जाण्याआधी ऋचा मला कपाटातून काढते, नव्या विद्यार्थ्यांच्या हातात देते आणि टॉर्चच्या उजेडात तो व्रण दाखवते.

"हा बघा," ती म्हणते, "माझा पहिला शोध."