हत्यारावर नाव घातलेलं होतं

मी बत्ता. खलबत्त्यातला. पितळी, वजनाने भरभक्कम, डोक्याने जड आणि स्वभावाने फटकळ. सव्वा वर्ष मी घराबाहेर होतो आणि तेवढ्यात माझ्या हातून एक खून झाला. म्हणजे निदान मला तसं वाटलं होतं! थांबा, पहिल्यापासून सांगतो.

कल्याणच्या बाजारातून मला हौसाबाईंनी घेतलं. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत केशरबाई नव्याने राहायला आल्या होत्या. नव्या घरात बुद्धवंदना ठेवली होती, मग रिकाम्या हाताने कसं जायचं? दुकानदार खलावर नाव घालत होता, तर हौसाबाई म्हणाल्या, "बत्त्यावर पण घाला हो. उद्या कोणी उसना नेला तर?" झालं! माझ्या पोटावर टकटक अक्षरं उमटली, 'सौ. हौसाबाईकडून सप्रेम भेट'. गुदगुल्यांनी मी अर्धमेला झालो.

तीस वर्षं मजेत गेली. केशरबाईंचा मसाला मीच कुटायचो आणि हौसाबाईंची सुंठसुद्धा मीच. दुपारी दोघी उंबऱ्याशी बसायच्या. माझ्यापेक्षा त्यांची तोंडंच जास्त चालायची.

केशरबाईंचा धाकटा मुलगा राजरत्न. नोकरीला लागला आणि घोडबंदर रोडला राहायला गेला. तिथल्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-दोन तास बसलं की माणसाच्या डोक्यात काहीही येतं. याच्या डोक्यात मर्डर मिस्टरी आली. सिनेमाचं नाव 'रक्ताचा सातवा थेंब'. आधीचे सहा कुठे गेले, ते मला अजून कळलेलं नाही. एका रविवारी हा आईकडे आला, सुक्या बोंबलाची चटणी चापून जेवला आणि जाताना मला गुपचूप बॅगेत टाकलं. आईला विचारायचं सौजन्य? नाव नको!

इकडे केशरबाईंनी घर पालथं घातलं. शेवटी म्हणाल्या, "हौसाच घेऊन गेली असेल सुंठ कुटायला. बसली दाबून." चाळीच्या भिंती त्या केवढ्याशा! पलीकडून आवाज आला, "मी दिलेली वस्तू मीच चोरीन होय गं?" बोलणं बंद. त्यानंतर गॅलरीत समोरासमोर आल्या की एक पत्र्याकडे बघायची, दुसरी चपलेकडे. हौसाबाई सुंठ बाजारातून कुटलेली आणायला लागल्या.

राजरत्नला फोनवर सगळं कळत होतं. "एकदा पिक्चर येऊ दे रे, मग सांगतो आईला," असं तो त्याच्या कॅमेरावाल्या विनीतला म्हणायचा. मी ड्रॉवरमध्ये पडून ऐकत होतो. फार वाईट वाटायचं हो. दोन म्हाताऱ्यांची मैत्री माझ्यापायी तुटली होती आणि मी इथे टोमॅटो सॉस फासून घेत होतो!

शेवटी तो दिवस उजाडला. कल्याणच्या एका थिएटरात सकाळचा शो. अख्खी चाळ आली. केशरबाई तिसऱ्या रांगेत, म्हणून हौसाबाई मुद्दाम नवव्या. शो संपल्यावर 'खरं हत्यार' म्हणून स्टेजवर दाखवायला राजरत्नने मलाही आणलं होतं. त्याच्या पायाशी ठेवलेल्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती, त्यामुळे सगळं दिसत होतं.

पडद्यावर शेठजी धाडकन पडले. डिटेक्टिव्ह आला. त्याचं काम साईनाथने केलं होतं, राजरत्नच्या ऑफिसातल्या पोराने, आणि तेही भर मे महिन्यात रेनकोट घालून. त्याने मला रुमालात उचललं. क्लोजअप! मी पाण्याच्या टाकीएवढा दिसत होतो, छाती फुगून आली. तेवढ्यात सॉस ओघळला आणि अख्ख्या थिएटरने मोठ्याने वाचलं, "सौ. हौसाबाईकडून सप्रेम भेट!"

घरच्या भांड्यावरचं नाव घरच्यांना कधी दिसतं का? राजरत्न ते लहानपणापासून बघत आलेला, म्हणून एडिटिंगच्या वर्षभरात त्याला ते दिसलंच नाही. आणि विनीत बघत होता फोकस.

पडद्यावर साईनाथ गंभीरपणे म्हणाला, "खुनी अत्यंत हुशार आहे. त्याने एकही पुरावा मागे ठेवलेला नाही."

"अरे बाबा, नाव घालून गेलीय ती!" मागून कोणीतरी ओरडलं. मग काय विचारता! डॉक्टरवर संशय आला, लोक म्हणाले, "हौसाबाई!" डिटेक्टिव्हचा जुळा भाऊ निघाला, म्हणजे साईनाथच मिशी लावून, लोक म्हणाले, "हौसाबाई!" मेलेले शेठजी जिवंत निघाले, तर एकजण म्हणाला, "हौसाबाईंना सांगा, परत मारायला लागेल!" राजरत्न खुर्चीत घसरत घसरत माझ्या शेजारी आला.

शेवटचा ट्विस्ट तर माझ्या वर्मी बसला. शेठजी विषारी पान खाऊन मेले होते. म्हणजे दुसऱ्यांदा मेले तेव्हा. बत्त्याचा खुनाशी काहीही संबंध नाही! मग सव्वादोन तास मी काय केलं? सॉस खाल्ला? असला फालतू सिनेमा मी जन्मात बघितला नव्हता. तसा दुसरा बघितलाही नव्हता म्हणा.

पडद्यावर साईनाथने कपाळाला हात लावला. "मग हा बत्ता इथे आणला कोणी?"

तिसऱ्या रांगेत केशरबाई उभ्या राहिल्या. "माझ्या पोरानं!"

एवढ्या सगळ्या ट्विस्टमध्ये लोकांना धक्का बसला तो एवढाच. केशरबाई अंधारात चाचपडत नवव्या रांगेपर्यंत गेल्या.

"हौसा, चुकले गं मी."

हौसाबाई पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "आत्ता लोकांनी मला खुनी म्हटलं, मी हसले बघ. पण तू चोर म्हणालीस ना केशर, मला जेवण गेलं नाही."

केशरबाई रडायला लागल्या. हौसाबाईंनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "बस इथं. आणि रडू नको, पिक्चर आधीच वाईट आहे."

आता मी परत माझ्या खलात आहे. दर रविवारी राजरत्न येतो आणि दोन्ही घरांचा मसाला कुटतो. शिक्षाच आहे ती. परवा हळूच म्हणाला, "आई, दुसरा भाग काढू?" दोघी एकदम ओरडल्या, "काढ, पण मिक्सरने मार!"

चला, सुंठ आली. जाता जाता एवढंच मागतो. घरातलं भांडं हरवलं तर शेजारणीचं नाव घेण्याआधी पोराची बॅग बघा.